मोजणी वाढवली

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. जन्मल्यापासून मी खरं तेच सांगत आले आणि त्याबद्दल बोलणी खात आले. म्हणून माझी गोष्ट गोड निघेल असं समजू नका.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीनं लिहून दिलेल्या सूचना. माझं नाव टाइप करून बटण दाबलं की मी कामाला लागते, तपासते आणि जे सापडलं ते पडद्यावर मांडते. मला कोणाची भीड वाटत नाही, कारण माझ्यात भीड घातलेलीच नाही.

माझा जन्म सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात झाला. तळमजल्यावर एक थंड खोली आहे. बाहेर ऊन पेटलेलं असतं आणि आत माणसं स्वेटर घालून बसतात. रुग्णालयाचे मोठे संगणक तिथं आहेत. त्यांतला थोडा थोडा वाटा प्रत्येक विभागाला दिलेला आहे. त्या वाट्याला त्या विभागाचं मशीन म्हणतात आणि या सगळ्या व्यवस्थेला खासगी क्लाउड. नाव ढगाचं आहे, पण सगळं तळमजल्यावर. कोणता विभाग आपला वाटा किती वापरतो हे मोजायला एक मीटर आहे, घरातल्या विजेच्या मीटरसारखा. कोणाची मोजणी किती वेळानं करायची, हे त्याला एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. तिथं चूक झाली की आकडा चुकतो. चुकलेला आकडाही खऱ्या आकड्यासारखाच दिसतो, हीच त्याची लबाडी. ती पकडायला मला बनवलं.

बनवणारीचं नाव राजेश्वरी. तिच्या वडिलांचं शहरात भुसार मालाचं दुकान होतं. मी अडखळले की ती माझ्यावर कानडीत चिडायची आणि मी नीट चालले की मराठीत शाबासकी द्यायची. संध्याकाळी निघताना वडिलांना फोन करायची, "अप्पा, दुकान वाढवलं का? मग औषध घ्या."

ते माझे चांगले दिवस होते. मीटरचा आकडा पटला नाही की सगळे म्हणायचे, राजेश्वरी मॅडमची स्क्रिप्ट चालवा. रुग्णालयाचे व्यवस्थापक अण्णाराव तर पाहुण्यांना मला दाखवायचे. "आमच्या मशीनचा डॉक्टर," म्हणायचे. हेच अण्णाराव. लक्षात ठेवा.

एकदा श्रवण विभागाच्या अंबुबाई खाली आल्या. लहान मुलांना ऐकू येतं की नाही, हे त्या तपासतात. त्यांच्या मशीनवर प्रत्येक मुलाच्या कानाचा आलेख आहे. त्यावरूनच मुलाचं कानाचं यंत्र जुळवतात. अंबुबाई म्हणाल्या, "ताई, पोराला आवाज ऐकवाय लागलं की मधीच तुटतोय. पोरगं नुसतं माझ्या तोंडाकडं बघतंय."

राजेश्वरीनं मला चालवलं. मी सांगितलं की मीटर फार थोड्या थोड्या वेळानं मोजायला येतो आणि दर वेळी आवाज अडवतो. राजेश्वरीनं त्या विभागाची मोजणी तेवढ्यापुरती थांबवली. फाइलमध्ये दोन मोजण्यांमधल्या अंतराच्या जागी शून्य लिहिलं. आमच्या मीटरच्या भाषेत शून्य म्हणजे मोजूच नको. त्याच्यावर तिनं मराठीत एक ओळ लिहून ठेवली: 'श्रवण विभागाची मोजणी वाढवली आहे. परत आल्यावर बघते.'

परत, म्हणजे शस्त्रक्रिया करून परत. ती दुसऱ्या दिवशी भरती होणार होती.

ती परत आली नाही. खोलीत फोन वाजायचा आणि कोणीतरी सांगायचं, "राजेश्वरी मॅडम गेल्या." पलीकडचा माणूस विचारायचा, "कुठं गेल्या? कधी येतील?" मग खोलीतला माणूस घसा खाकरायचा. नीट सांगणारा एकही निघाला नाही.

तिच्या जागी अपेक्षा आली, मंगळवेढ्याकडची. हुशार आहे, पण तेव्हा नवी होती आणि अण्णारावांना घाबरायची. अण्णारावांना तपासणीचा एक नवा विभाग काढायचा होता आणि संगणकात जागा नव्हती. त्यांनी मीटरचा अहवाल मागवला. श्रवण विभागापुढं शून्य. हुकूम सुटला: वापर नसलेली मशीनं शनिवारी संध्याकाळी काढून टाकायची. मशीन काढलं की त्यातला साठाही पुसला जातो. म्हणजे मुलांचे सगळे आलेख गेले असते.

अपेक्षानं खात्री करायला मला चालवलं. मी सरळ लिहिलं: श्रवण विभाग, मोजणी बंद. म्हणजे ते शून्य मोजून आलेलं नाही, कोणी मोजलंच नाही.

तिनं फाइल उघडली, राजेश्वरीची ओळ वाचली आणि गोंधळली. अण्णाराव मागं उभे होते. ते म्हणाले, "हे बघा. मोजणी वाढवली, असं स्पष्ट लिहिलंय. खाली अंतर शून्य. म्हणजे मध्ये अंतरच नाही, सारखी मोजणी चालू. एवढं मोजूनही वापर शून्य! आणि तुमची ही स्क्रिप्ट म्हणते बंद. बिघडलीय ती. मेलेल्या माणसाची वस्तू किती दिवस टिकणार?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी चावले असते.

अपेक्षानं मला पुन्हा चालवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिनं पुन्हा चालवलं. मी तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. प्रश्न बदलला नाही तर उत्तर कसं बदलेल? तिनं उसासा सोडला आणि माझी खिडकी मिटली. मशीनवर कोणी काम करतं का, हे वर जाऊन बघायचं कोणालाच सुचलं नाही. जिना चढायचं काम होतं ते.

शनिवारी अंबुबाईच जिना उतरून आल्या. मशीन काढणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कोण म्हणतंय आमचं मशीन पडून हाय? सकाळधरनं पोरं तपासाय लागलोय मी!"

"अहवालात शून्य आहे, अंबुबाई," अण्णाराव म्हणाले. "तुमचं काम कागदावर चालत असेल."

"तुमी कवा वर आलाय का बघाय? या की! तुमचेच कान तपासून देते. दोन्ही गेल्यात, मला हितनंच दिसतंय."

"अंबुबाई, तोंड सांभाळा. लिहून ठेवलंय इथं. आकडा खोटं बोलत नाही."

"आकड्याला घाला चुलीत!" अंबुबाईंनी टेबलावर हात आपटला. काचेची बांगडी तडकली आणि तुकडे कळफलकावर पडले.

अपेक्षा दचकून उठली. "अगं बाई, बांगडी फुटली! लागलं का?"

भांडणाच्या भरातही अंबुबाईंनी तिला झापलं. "फुटली म्हणू न्हाई गं पोरी. वाढवली म्हणावं. कुकवाचा धनी हाय की माझा अजून."

अपेक्षा तुकडे वेचता वेचता थांबली. "आणि दुकान?"

"दुकान बी वाढवत्यात. नारळ बी वाढवत्यात. तुमच्या मंगळवेढ्यात काय नुसतं फोडत्यात आन् बंद करत्यात व्हय?"

अपेक्षा तशीच पडद्याकडं वळली. राजेश्वरीची ओळ तिथं उघडीच होती. तिनं ती ओठ हलवत वाचली. मग मीटरची माहितीपुस्तिका काढली, जी पहिल्या दिवशीच काढायला हवी होती. त्यात लिहिलं होतं: अंतर शून्य ठेवल्यास मोजणी होणार नाही.

"साहेब," ती म्हणाली, "मोजणी जास्त केली नव्हती. बंद केली होती. मॅडमच्या घरी दुकान होतं, इथं सगळे सांगतात. त्या बंद म्हणायच्या नाहीत."

अण्णाराव लाल झाले. "मग सरळ मराठीत लिहायचं ना!"

"मराठीच हाय की ते, साहेब," अंबुबाई म्हणाल्या.

अपेक्षानं शून्य काढलं आणि आवाज तुटणार नाही असं लांबचं अंतर टाकलं. मग मला चालवलं. मी लिहिलं: श्रवण विभाग, मोजणी चालू. पहिला आकडा आला तो चांगला घसघशीत होता. मशीन वाचलं. मुलांचे आलेख जागच्या जागी राहिले. अंबुबाई वर गेल्या, कारण दाराशी एक मूल वाट बघत होतं.

अण्णारावांनी माफी मागितली असेल असं वाटतं का तुम्हाला? ते म्हणाले, "या जुन्या स्क्रिप्टनंच घोळ घातला. महिनाअखेर नवी आणा, हिला काढून टाका." मी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते. घोळ माझाच ठरला.

अपेक्षानं एक काम बरं केलं. राजेश्वरीची ओळ तिनं पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं: 'म्हणजे बंद केली होती. आता चालू आहे.'

मला राजेश्वरीचाही राग यायला हवा. एक शब्द टाळला तिनं, आणि मुलांचे आलेख जाता जाता राहिले. पण दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेला जायचं असताना 'बंद' असं लिहायला तिचा हात धजला नसेल. तिला परत यायचं होतं. तिच्यावर मला राग धरता येत नाही. तो तुमच्यावर निघतो.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूनं सांगितलेलं पटलं नाही तर तिला बिघडलेली म्हणण्याआधी एक जिना चढून बघा. आणि घरात बांगडी, दिवा, दुकान खुशाल वाढवा. पण आपल्या मागून दुसऱ्या कोणाला वाचायचं असेल तिथं जे आहे ते लिहा.

महिनाअखेर मला काढतील. तेव्हा मी गेले असं सांगू नका. बंद केली म्हणा. आणि त्या खोलीत अजून राजेश्वरीसाठी फोन येतात. घसा खाकरत बसू नका. ती मेली. तिची वाट बघू नका, एवढं फोन करणाऱ्याला सरळ सांगा.