करंट पिणारं वावर

सकाळी नऊलाच सुभद्राच्या बांधावर अर्धं गाव गोळा झालं होतं. पुंजाजी महाराज वावरातल्या डब्याला कान लावून बसले होते.

"गेला," ते म्हणाले. "म्या शुक्रवार सांगतला होता. हे वावर करंट पेते." लोकांनी हात जोडले.

डबे अमरावतीहून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी बसवले होते. वावरावावरात काठीवर एकेक डबा. तो जमिनीतली ओल मोजायचा आणि आकडे बिनतारी पाठवायचा पंचायतीच्या छतावरच्या मोठ्या डब्याकडे. इतरांचे डबे दिवाळीपासून ठणठणीत होते. पंचायतीला लागून असलेल्या सुभद्राच्या वावरात मात्र आठ दिवसांत सेल संपत. ही तिसरी खेप. महाराज आधीच वार सांगत आणि तो चुकत नसे.

सुभद्रा असल्या गोष्टींना भीक घालणारी बाई नव्हती. पण गंगूबाईची मजुरांची टोळी भिऊन वेचणीला येईना. कापूस फुटून लोंबत होता आणि आभाळ भरून येत होतं. महाराजांचा उपाय सोपा होता, वावर त्यांच्या मठाला देऊन टाकायचं. सुभद्राने एकटीनेच कापसासाठी कमरेला ओटी बांधली आणि बारा ओळी वेचल्या. मग कंबर धरून, मेलेला डबा पिशवीत टाकून ती हिवरखेडला अब्दुल गफ्फारच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेली.

गफ्फारने डबा उघडून पाहिला. बिघाड काहीच नव्हता. त्याने वावर कुठे, पंचायत कुठे ते विचारलं आणि हसला.

"सुभद्राबाई, तुमचं घर यष्टीच्या थांब्यापाशी. गावाचे निरोप कोन देते?"

"मीच देतो. याचा जेवनाचा डबा घ्या, त्याले सांगा, सांजेपर्यंत नरडं बसते माह्यं." आणि ती थबकली. "म्हंजे सारे डबे माह्याच डब्याले निरोप सांगून राहिले?"

तसंच होतं. लांबच्या डब्याचा आवाज पंचायतीपर्यंत पोचत नसे. तो शेजारच्याला सांगे, शेजारचा पुढच्याला, आणि शेवटचा नेहमी सुभद्राचा. त्याचा स्वतःचा निरोप एक, लोकांचे चाळीस. दर निरोपाला लाल दिवा लुकलुके. ज्याचा दिवा जास्त लुकलुके, त्याचे सेल आधी संपत.

सुभद्राला आठवलं, महाराज रोज संध्याकाळी तिच्याच बांधावर जपमाळ घेऊन बसत. डोळे मात्र मिटलेले नसत, लाल दिव्यावर असत.

ती भांडली नाही. पंचायतीत जाऊन हात जोडून म्हणाली, मोठ्या डब्याले पवित्र जागा पाहिजे, मठाच्या छतावर न्या. महाराज खूश झाले. सगळ्या डब्यांत नवे सेल पडले, मठाला लागूनच्या तुरीतल्या डब्याला लिंबू बांधलं, अंगारा लावला. सुभद्रा रोज संध्याकाळी दर्शनाला जाऊन तुरीपाशी माळ ओढत बसू लागली. सहाव्या दिवशी तिने चावडीवर सांगून टाकलं, परवा मठाचा डबा जाईन.

सांगितल्या दिवशी तो गेला. सुभद्राचा डबा जिवंत होता.

"मठ बी करंट पेते का, महाराज?" गंगूबाईनेच विचारलं. महाराजांनी ग्रहांवर काही सांगायला घेतलं, पण लोक हसत होते. सुभद्राने सगळ्यांना दिवा दाखवला, मोजायला लावला. पुढच्या आठवड्यात पोरांनी येऊन डब्यांना पाळ्या लावून दिल्या. ज्याचे सेल भरलेले, त्याने निरोप न्यायचा. तो दमला की दुसऱ्याने.

त्याआधीच, मठाचा डबा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, टोळी वेचणीला आली. गंगूबाई मान खाली घालून ओटी बांधत होती. पाऊस अजून आला नव्हता. सुभद्राचा राग गेला नव्हता, पण तिला रडूही आलं.

"आधी 'असं काहून होते?' विचारत जा," ती म्हणाली. "दोन दिवस सोता पाहा, मोजा. मंग घाबरा, मी आडवी येत नाही. अन् उद्यापासून थांब्यावरच्या निरोपायच्या बी पाळ्या लावा. माह्ये बी सेल संपतेत."