चिंचेची सावली बुंध्याशी येईपर्यंत

अठ्ठावन्न साली केडगावच्या त्या पाटावर पाण्याची वाटणी साधी होती. सकाळपासून बांधावरच्या चिंचेची सावली बुंध्याशी येईपर्यंत पाणी दबोराचं, पुढं दिवस मावळेस्तोवर बबनरावांचं. पण बबनरावांचं रान वरच्या अंगाला. दबोराची बारी सुरू झाली की ते खुशाल पाट फोडायचे आणि पाणी आपल्या उसात घ्यायचे. विधवेला कोण विचारतंय! तिच्या कांद्यानं माना टाकल्या होत्या. ही बारी हुकली असती तर पीक गेलंच असतं.

आजही पाट फुटलेला बघून तिचा दीर पीटर काठी घेऊन निघाला.

"काठी ठेव खाली," दबोरा म्हणाली. "भांडण पाण्याचं हाय, बबनमामांच्या डोस्क्याचं न्हाई."

आणि ती त्या भगदाडालाच पाठ लावून पाटात फतकल मारून बसली. पाणी पुन्हा खाली तिच्या रानाकडं चाललं.

बबनराव फावडं घेऊन धावत आले. "ऊठ! न्हाईतर फावडं घालीन!"

"घाला, मामा. मी उठायची न्हाई, आन् तुमच्यावर हातबी उचलायची न्हाई."

तिचा आवाज हलला नाही. आता अशा बाईचं करायचं काय? शिव्या देणाऱ्याला शिव्या देता येतात. चिडलेल्या बबनरावांनी चिखलाची फावडी तिच्या अंगावर टाकली. गंमत म्हणजे त्या चिखलानं भगदाड आणखीच बुजलं! पीटरला हसू फुटलं, तशी दबोरानं त्याच्याकडं डोळे वटारले.

सावली बुंध्याशी आली. दबोरा उठली आणि चिखलानं माखलेल्या हातांनी तिनंच ते भगदाड मोकळं केलं.

"घ्या मामा, आता तुमची बारी."

"वैनी, आपलं दोन वाफं कोरडं हायती!" पीटर कळवळला.

"असू देत. त्यांचं पानी त्यांचं."

बबनरावांनी फावडं खाली टाकलं. भांडायला आलेला गडी, आता भांडायचं कुणाशी? पाणी त्यांच्या उसाकडं धावत होतं आणि ते त्यांना बघवेना. त्यांनी फावडं उचललं आणि आपल्याच रानाचं पाणी अडवलं.

"पीटर, बघतो काय? जा, ते दोन वाफं भर आधी."

मग खाली बघत ते म्हणाले, "पुढल्या बारीला तू पाटात बसू नगंस, दबोरा. पाट मी राखतो."