होडीच्या घंटेपाशी

तोआ पायोहमधल्या, महिन्यातून एकदा भरणाऱ्या रविवार कट्ट्याचा नियम साधा होता. जो प्रवास करून येईल त्याने भिंतीवर फोटो दाखवायचे, आणि चिवडाही त्यानेच आणायचा. मंडळी सगळी बँकांतली, हिशेबातली, पुण्या-मुंबईहून या परदेशी शहरात येऊन स्थिरावलेली. गर्दी फोटोंपेक्षा चिवड्यालाच व्हायची, पण तसं कोणी बोलून दाखवत नसे. दोन हजार सातच्या सप्टेंबरात पाळी आली श्रीनिवास जोगळेकरांची. ते वेल्समधलं खाडीकाठचं एक टीचभर गाव बघून आले होते.

चिवडा त्यांच्या बायकोने, सुनेत्राने, आदल्या दिवशीच करून ठेवला होता. त्या गावाचं तिला काही कौतुक नव्हतं. तिला नवऱ्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. त्या गावात तिची मुलगी निशिगंधा राहत होती, आणि निशिगंधाचा नवरा उज्ज्वल कांबळे. तीन वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. कट्ट्याला मात्र एवढंच माहीत होतं की जोगळेकरांची मुलगी तिकडे नोकरी करते. आम्ही जातबीत मानत नाही, असं श्रीनिवास दर दिवाळीला ठासून सांगायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जावई बौद्ध आहे हे सांगायची वेळ आली, की झाकली मूठ सव्वा लाखाची.

तरी या खेपेला तिला आशा वाटत होती, आणि ती काही उगीच नव्हती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून श्रीनिवास एकटेच गेले होते. उज्ज्वल तिकडच्या विद्यापीठात खाडीच्या गाळावर संशोधन करायचा. त्याने रजा काढून सासऱ्यांना सगळं गाव दाखवलं, निसरड्या पायऱ्यांवर हात धरला, त्यांना सोसेल असा मऊ वरण-भात स्वतः रांधून वाढला. विमानतळावर उतरल्या उतरल्या श्रीनिवास म्हणाले होते, "लाख माणूस आहे गं. येत्या कट्ट्यावर सांगून टाकू."

तेवढ्या शब्दावर विसंबून सुनेत्राने परस्पर उज्ज्वलच्या बहिणीला आमंत्रण दिलं. स्नेहल यिशुनला राहायची, इंजिनिअर होती. एकाच शहरात असून दोघी आजवर फोनवरच बोलत आल्या होत्या. नवऱ्याला आधी सांगितलं असतं तर त्याने कच खाल्ली असती, म्हणून सुनेत्रा गप्प राहिली. स्नेहल आली ती नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन, आणि सुनेत्राच्या शेजारी बसली. ही माझ्या ओळखीची, एवढंच सुनेत्राने आजूबाजूच्यांना सांगितलं.

दिवे मालवले आणि श्रीनिवास रंगात आले. आधी टेकडीवरचा पडका किल्ला. इंग्रज राजाने बांधला, वेल्सच्या लोकांनी जाळला, पुन्हा बांधला, पुन्हा जाळला. मग चुन्याची भट्टी, मग चर्चच्या अंगणातलं जुनं झाड. ओहोटी लागली की गावच्या बायका गाढवं घेऊन मैलभर चिखलात शिंपल्या वेचायला जायच्या आणि पाणी फिरायच्या आत परतायच्या. एकदा धुक्यात काही जणी परतल्याच नाहीत, त्यांची नावं चर्चच्या भिंतीवर कोरलेली. कट्टा हळहळला. सुनेत्राला कळत होतं, यातला शब्दन् शब्द उज्ज्वलचा आहे. मागच्या रविवारी फोनवर त्याने तिलाही हेच सांगितलं होतं.

मग धक्क्यावरच्या घंटेचा फोटो आला. पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला बोलवायची ती घंटा. घंटेची दोरी हातात धरून उज्ज्वल उभा होता, हसत, भिंतभर. स्नेहल खुर्चीत पुढे सरकली.

"हा कोण हो?" मीनलने विचारलं. ती कट्ट्याची सेक्रेटरी. "आपल्याकडचाच दिसतोय."

श्रीनिवासांनी पाण्याचा घोट घेतला. फोटो त्यांनी मुद्दाम ठेवला होता, सांगायचं ठरवूनच आले होते, हे सुनेत्राला माहीत होतं.

"हा आमचा गाईड," श्रीनिवास म्हणाले. "अभ्यासू मुलगा आहे."

मागून कट्ट्यावरच्या सुबोधने फी काय घेतो म्हणून विचारलं. एकदा खोटं बोललेल्या माणसाची जीभ मग थांबत नाही. पैसे नाही घेतले त्याने, श्रीनिवास म्हणाले, जेवूखाऊ घातलं तेवढ्यावर खूश. लोक हसले आणि पुढचा फोटो आला.

स्नेहल हसली नाही. ती सुनेत्राकडे वळून अगदी हळू म्हणाली, "काकू, सासरे राहायला आले म्हणून दादाने औरंगाबादला फोन केला होता. आईने गल्लीत पेढे वाटले." मग पर्स उचलून ती अंधारातूनच बाहेर पडली. सुनेत्राने उठायला हवं होतं. गुडघा दुखत होता हे खरं, पण ती उठली नाही ती गुडघ्यामुळे नव्हे.

दिवे लागले, बश्या फिरल्या. वड्या फार छान झाल्यात म्हणून सगळ्यांनी तारीफ केली. मीनल कागद-पेन घेऊन आली. मे महिन्यात त्यांचाही इंग्लंडचा बेत होता, त्या गाईडचं नाव आणि नंबर मिळाला असता तर बरं झालं असतं.

"उज्ज्वल कांबळे," सुनेत्रा म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "माझा जावई आहे. घ्या लिहून नंबर."

मीनलने नाव लिहिलं होतं. पेन तिथेच थांबलं. "अच्छा, जावई का," ती म्हणाली, आणि गोड हसून तिने पेनाला टोपण लावलं. "मग राहू दे सुनेत्राताई. घरच्या माणसाला कशाला त्रास." बाकीचे एकाएकी चिवड्यात फार लक्ष घालू लागले. श्रीनिवास प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिले.

घरी परतताना टॅक्सीत ते म्हणाले, चारचौघांत अब्रू घालवायची काय गरज होती, मी सवडीने सांगणारच होतो. सुनेत्राने फक्त विचारलं, तुम्ही त्याला जेवू घातलंत? श्रीनिवास खिडकीबाहेर बघू लागले.

घरात पाऊल टाकते न टाकते तोच निशिगंधाचा फोन आला. स्नेहलने सगळं कळवलं होतं. सुनेत्रा घाईघाईने सांगू लागली, की मी बोलले, अगं मी सगळ्यांसमोर नाव घेतलं त्याचं.

"कधी?"

"नंतर. मीनलने विचारलं तेव्हा."

"स्नेहल गेल्यावर," निशिगंधा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच सुनेत्रा घाबरली. "उज्ज्वल म्हणतोय, जाऊ दे, म्हातारी माणसं आहेत. मी नाही जाऊ देणार. बाबांचं मला नवल नाही वाटलं, आई. पण तीन वर्षं दर महिन्याला त्या कट्ट्यावर तूही जात होतीस. तुझं तोंड कोणी धरलं होतं?"

बाबांना फोन देऊ का, असं काहीतरी सुनेत्रा पुटपुटली. पलीकडून निशिगंधा म्हणाली, "नको. आणि आता तूही फोन करू नकोस."