पडद्यामागून आलेला इंजिनाचा आवाज

मी एक जुना स्पीकर आहे. तुमच्या टेबलावरचा चिमुकला नव्हे, चांगला कपाटाएवढा. एका सिनेमागृहात पडद्याच्या मागे मी एकतीस वर्षं उभा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, याची काय मजा आहे, रोज फुकटात सिनेमा बघतो. कसलं काय. माझ्या वाट्याला येते ती पडद्याची पाठ. मात्र माझा आवाज बाहेर जावा म्हणून पडद्याला टाचणीच्या टोकाएवढी हजारो भोकं असतात. त्यांतून मला तुम्ही दिसता. तुम्ही सिनेमा बघता आणि मी तुमची तोंडं बघतो. खरं सांगू का, बऱ्याचदा तीच जास्त बघण्यासारखी असतात.

माझं खोकं जाड लाकडाचं आहे. एका सुतारानं ते इतकं घट्ट जोडलं, की आजही त्यात फट शोधून सापडणार नाही. पोटात परातीएवढं कागदी तोंड बसवलेलं आहे. ते थरथरलं की आवाज होतो. दिसायला मी राकट, पण सगळी मदार त्या कागदावर. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. चारचौघांत बरं दिसत नाही.

मी तीन वर्षांचा असताना लढाऊ विमानांचा एक सिनेमा आला. काय दिवस होते ते. विमान डोक्यावरून गेलं की पहिल्या रांगेतली माणसं खरोखर माना खाली घालायची. "हा पठ्ठ्या आपलं नाव काढणार," असं मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. मीही तेव्हा जरा फुगलो होतो, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या सिनेमाच्या शेवटी नायकाच्या विमानाचं दोनातलं एक इंजिन बंद पडतं. रात्रीच्या अंधारात विमान ढगात शिरतं, पडदा काळा होतो आणि नावं वर सरकू लागतात. आमच्या डोअरकीपरची खोड अशी, की नावं सुरू झाली रे झाली की तो धाडधाड सगळी दारं उघडायचा. लोक उठायचे, खुर्च्या आपटायच्या. आणि त्या गोंगाटात मी एक शेवटची गोष्ट हळूच सांगायचो. बंद पडलेलं इंजिन तीनदा खोकतं आणि चालू होतं. अकरा आठवडे, रोज चार खेळ मी हे सांगितलं. कुणाच्या कानावर गेलं असेल तर शपथ.

फक्त एका माणसानं ते ऐकलं. तो विमानतळावर इंजिनं दुरुस्त करायचा. सगळे त्याला मेस्त्री म्हणत. सगळे उठले तेव्हा मेस्त्री खुर्चीखाली पायानं चप्पल चाचपडत होते, म्हणून मागे राहिले. एकदम मान वर करून ते बायकोला म्हणाले, "अगं, तो वाचला. बंद पडलेलं इंजिन चालू झालं."

त्यांची बायको शिवणकाम शिकवायची, तिला सगळे शिवणबाई म्हणत. ती म्हणाली, "चप्पल सापडली का? मग चला. मेला तो."

तिथून जो वाद सुरू झाला, तो अठ्ठावीस वर्षं चालला. दुसऱ्याच दिवशी खात्री करायला मेस्त्री परत आले, तर सिनेमा उतरलेला. पुढे तो टीव्हीवर लागायचा, पण नावं आली की जाहिराती सुरू. दोघं इथे दुसरे सिनेमे बघायला यायचे आणि मध्यंतरात हमखास हाच विषय निघायचा. "चप्पल शोधताना भास झाला तुम्हाला," असं शिवणबाई सगळ्यांदेखत सांगायच्या आणि आजूबाजूचे हसायचे. मेस्त्रीही हसायचे, पण त्यांच्या मनाला ते लागायचं. ज्यानं जन्मभर कानाच्या भरवशावर इंजिनं उघडली, त्याच्या कानावर घरचाच माणूस विश्वास ठेवत नव्हता. मला तर सारं ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण.

त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार, येणार म्हणत वर्षं गेली. तेवढ्यात काचबिंदूनं मेस्त्रींची दृष्टी पार नेली. इकडे माझा कागदही काठापाशी बोटभर फाटला. खालच्या पट्टीतला आवाज आला की मी घरघरायला लागायचो. तो दुसरा भाग येऊन उतरला की मला भंगारात काढायचं, असं मालक ऑपरेटरला म्हणाले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

आणि एकदाचा तो दुसरा भाग आला. पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला, चौथ्या रांगेत हाताला धरून शिवणबाईंनी मेस्त्रींना आणून बसवलं.

"मी काय बघणार आता?" मेस्त्री कुरकुरले.

"बघायचं काम माझं. तुम्ही गप बसा."

या भागात त्या नायकाची मुलगी वैमानिक झालेली असते आणि बापाचं नेमकं काय झालं, ते शोधत असते. शिवणबाई दबक्या आवाजात सांगत होत्या, "आता विमान धावदोरा घातल्यासारखं वरखाली जातंय. आता उलटं झालं."

"उलटं नाही गं, वळतंय. इंजिनावर ताण आलाय, ऐक की."

मागचा माणूस आधी 'शू' करत होता. थोड्या वेळानं तोच पुढे वाकून मेस्त्रींचं ऐकू लागला.

माझे मात्र हाल चालले होते. प्रत्येक विमानागणिक माझी चीर वाढत होती. शेवटी तीच जुनी रात्र पुन्हा दाखवणार, हे मला उमगलं होतं. तो बारीक आवाज माझ्या घरघरीत हरवला, तर मेस्त्रींच्या हाती काय राहणार? माझा जीव टांगणीला लागला.

ती रात्र आली. ढग आले, पडदा काळा झाला. शिवणबाई म्हणाल्या, "आता काहीच दिसत नाही हो."

मेस्त्रींनी बायकोचा हात दाबला. मी फाटका कागद जमेल तितका आवरून धरला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा खोकलं आणि चालू झालं.

दारावरच्या लाल दिव्याच्या उजेडात भोकांतून मला शिवणबाई दिसल्या. एवढा मोठा पडदा समोर असताना त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मग पडद्यावर उजेड आला, सगळं सभागृह ओरडायला लागलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्या म्हणाल्या, "चालू झालं हो. ऐकलं मी."

मेस्त्रींनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

बाहेर पडताना त्यांनी मालकांना सांगितलं, "तुमचा डावीकडचा मोठा स्पीकर काठापाशी फाटलाय." मालकांनी टॉर्च घेऊन पाहिलं, तर खरंच. दोन दिवसांनी दोघं गोंदाची डबी घेऊन पडद्यामागे आले. शिवणबाईंनी पातळ कापडाची पट्टी कापली आणि मेस्त्रींनी बोटांनी चीर शोधून ती चिकटवली. मालकांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. आता मी खणखणीत आहे.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू कुरकुरायला लागली तर टाकण्याआधी ती कुठे दुखावली आहे ते बघा. आणि घरातलं एखादं माणूस वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत असेल, तर हसू नका. एकदा त्याच्या शेजारी डोळे मिटून बसा.