‘ठीक आहे’ कुणी म्हणायचं?

आमच्याकडे सोफा पडून बघतात. सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत आहे ही. सोफ्याच्या स्प्रिंगा बसवून झाल्या, काथ्या भरून झाला, कापड ताणून खिळे ठोकले, की कारागिरानं सोफ्याकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि अंग सोडून द्यायचं. धप्प! सोफा हातानं दाबून कळत नाही, असं सासरे म्हणायचे. गिऱ्हाईक काय हातावर बसतं?

पद्धत चांगलीच आहे, पण ती मनगटावरच्या घड्याळाला कोण समजावणार?

घड्याळ आमच्या लेकीनं पाठवलं. मागच्या वर्षी हे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, तेव्हापासून ती परगावी बसून उंटावरून शेळ्या हाकते. घड्याळ हातातून काढायचं नाही, माझी शपथ आहे, असं तिनं ह्यांना सांगितलं. मी सतरा वेळा सांगितलं तरी हे ऐकत नाहीत, पण लेकीची शपथ म्हणजे दगडावरची रेघ. त्या घड्याळात एक बाई आहे. हे सोफ्यावर पडले रे पडले की ती म्हणते, “आपण पडला आहात असे आढळले आहे. आपण ठीक आहात का?” मग हे म्हणायचे, “ठीक आहे गं बाई,” आणि ती गप्प व्हायची. दिवसाला चार-पाच सोफे, तितकीच चौकशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी एवढी विचारपूस केली नसेल.

इथवर सगळं बरं होतं. घोळ झाला तो भाऊजींमुळे.

भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. वर आमचं घर, खाली कारखाना, आणि कारखान्यामागच्या दोन खोल्यांत भाऊजी. लाकडी फ्रेम ते करतात, भरणं आणि कापड हे करतात, खोळी मी शिवते. दोघं एका छताखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि नऊ वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. कारण काय, तर एका वकिलाचा सोफा. तो वकिलाच्या खाली मोडला, वकील पक्षकारांच्या देखत जमिनीवर आला. हे म्हणाले, तू पडून बघितलं नाहीस. भाऊजी म्हणाले, पाळी तुझी होती. संपलं! वकील केव्हाच उठून कामाला लागला, हे दोघे अजून तिथेच पडलेत.

तेव्हापासून मी मध्ये. “अगं, त्याला सांग, पाय अर्धं बोट लांब झालाय.” “वहिनी, दादाला सांगा, पाय बरोबर आहे, त्याचा चष्मा गेलाय.” दोघं चार हातांवर उभे, दोघांना सगळं ऐकू येतंय, तरी मी मान इकडून तिकडे वळवून निरोप पोचवणार. नाही पोचवला तर काम थांबतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही धडधाकट होता.

आणि आता भाऊजी निघाले होते. मुलानं त्यांना आपल्याकडे कायमचं बोलावलं होतं. शनिवारचं तिकीट होतं. मी ते ह्यांना सांगितलं तर हे तोंडातले खिळे एकामागून एक ठोकत राहिले. मला रात्री झोप येईना. आता बोलले नाहीत तर हे दोघे परत कधी बोलायचे? एकजण दुसऱ्याच्या तिरडीशी बोलेल तेव्हा?

त्यातच लेकीनं रविवारी फोनवरून घड्याळात फेरफार केला. माझा फोन कापडाच्या ढिगाखाली असतो, शिलाई मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही, हे तिचं दुखणं. “बाबांच्या सगळ्यात जवळ कोण असतं? काका! मग बाबा पडल्या पडल्या काकांनाच फोन लागेल.” दोघं बोलत नाहीत, हे तिला आठवलं नाही असं नाही. तिला वाटलं, पडल्यावर कोण अबोला धरतं?

सोमवारी हे पहिल्या सोफ्यावर पडले. धप्प. बाई म्हणाली, “आपण पडला आहात असे आढळले आहे. आपल्या जवळच्या व्यक्तीशी संपर्क साधला जात आहे.” आणि चार हातांवर भाऊजींचा खिसा वाजू लागला. काखेत कळसा नि गावाला वळसा! भाऊजींनी फोन कानाला लावला. त्यांच्या कानात बाई म्हणत होती, की तुमचा भाऊ पडला आहे. समोर भाऊ सोफ्यावर आरामात बसलेला.

“आपण ठीक आहात का?” घड्याळातून बाईनं विचारलं. “कृपया मोठ्याने उत्तर द्या.”

हे तोंड उघडून थांबले. माझ्या लक्षात आलं. घड्याळात जे बोलतील ते सरळ भाऊजींच्या कानात जाणार. म्हणजे फोनवर बोलल्यासारखंच झालं. म्हणजे हेच आधी बोलले! ह्यांनी तोंड मिटून घेतलं. तिकडे बाईनं भाऊजींनाही विचारलं असावं, कारण त्यांनीही तोंड उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि मिटून घेतलं.

“अहो, म्हणा ना ठीक आहे!” मी ओरडले. हे मूग गिळून बसले. मग मीच घड्याळाला तोंड लावून सांगितलं, “ठीक आहेत ते, चांगले धडधाकट आहेत!”

“हा आवाज ओळखीचा नाही,” बाई म्हणाली.

मेलीची जीभ झडो. मी ह्यांच्या हातातून घड्याळ ओढून काढलं, आणि तो माझा मूर्खपणा. “नाडी लागत नाही,” बाई म्हणाली. “रुग्णवाहिका निघाली आहे.”

रुग्णवाहिका मात्र खरंच आली, आणि पाणी आणणाऱ्या गाडीपेक्षा लवकर आली. एक जाडा आणि एक चष्मेवाला, दोघं स्ट्रेचर घेऊन आत शिरले. घाबरून मी घड्याळ पुन्हा ह्यांच्या हातात अडकवलं होतं, फोन अजून चालूच होता.

“काका, नाव सांगा,” चष्मेवाला म्हणाला. ह्यांनी मान हलवली. “काय होतंय ते सांगा.” ह्यांनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि फरशीवर लिहिलं, मी ठीक आहे.

चष्मेवाल्यानं जाड्याला सांगितलं, “वाचा गेलीय. हात चालतोय. उचल.”

“अहो, ह्यांना काही झालेलं नाही,” मी म्हटलं, “भावाशी अबोला आहे फक्त.”

“घरच्यांना असंच वाटतं सुरुवातीला,” जाडा समजुतीनं म्हणाला. गाडीत एकालाच घेता येतं, आणि घड्याळात नाव भाऊजींचं आहे, असंही त्यानं सांगितलं. माझ्या हातात खोळी कापायची मोठी कात्री होती. ती तशीच घेऊन मी गाडीत चढले. कुणी हरकत घेतली नाही.

वाटेत हे स्ट्रेचरवर आडवे, पट्ट्यांनी बांधलेले, डोळे छताला लावून. भाऊजी पायाशी, फोन अजून कानाला. ठेवला तर जवळची व्यक्ती संपर्कात नाही असं होतं आणि गाडीत भोंगा वाजतो, हे एकदा करून बघितलं होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं ह्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग तिनं नातेवाईक म्हणून भाऊजींना विचारलं, “कधीपासून बोलत नाहीत?”

भाऊजी खोटं बोलत नाहीत. “नऊ वर्षं झाली,” ते फोनवर हात दाबून म्हणाले.

तिनं चष्मा काढला. “आणि आत्ता आणलंत?”

मी सांगायला गेले, तर तिनं मला हातानं थांबवलं आणि वाकून ह्यांचा चेहरा बघू लागली. “डावीकडे तोंड खाली गेलंय,” ती नर्सला म्हणाली. “मेंदूचा फोटो काढावा लागेल. लगेच.”

भाऊजींचा रंग उडाला. ते फोन विसरले, अबोला विसरले. “नाही हो डॉक्टर, ते पहिल्यापासून तसंच आहे! लहानपणी फ्रेमांच्या थप्पीवरून पडला होता. ओठ फाटला होता.” मग जरा घुटमळून म्हणाले, “पडला म्हणजे, मीच ढकललं होतं.”

स्ट्रेचरचे पट्टे ताडकन ताणले गेले.

“तू ढकललंस?” हे ओरडले. “मी जन्मभर समजतोय पाय घसरला! बाबांनी वर मला फोडून काढलं होतं, नीट उभं राहता येत नाही म्हणून!”

“आवाज बघ कसा आहे, म्हणे वाचा गेलीय,” भाऊजी म्हणाले.

“इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“कधी सांगणार? तू बोलत होतास का?”

नर्सच्या हातातून सुईचं तबक निसटलं. डॉक्टरीण एकदा ह्यांच्याकडे, एकदा भाऊजींकडे बघत होती. तिथल्याच स्टुलावर मी मटकन बसले.

“शांत व्हा, काका,” डॉक्टरीण ह्यांना म्हणाली. “आधी मला सांगा, तुम्हाला नेमका त्रास काय होतोय?”

“हा त्रास!” ह्यांनी बांधलेल्या हाताचं बोट भाऊजींकडे केलं. “हा शनिवारी कायमचा चाललाय. आणि मला बोलला नाही.”

“वहिनींकडे निरोप दिला होता,” भाऊजी म्हणाले.

“फ्रेमच्या पायाचं माप आहे का हे, तिच्याकडून सांगायला?”

भाऊजींनी फोन बंद केला. कुठे ठेवावा ते सुचेना म्हणून माझ्या मांडीवर ठेवला. मग स्ट्रेचरच्या उशाशी गेले, लहानपणी ओरडा खाताना उभे राहत असतील तसे हात बांधून उभे राहिले, आणि म्हणाले, “दादा, मी शनिवारी जातो.”

ह्यांच्या ओठांचा डावा कोपरा थरथरत खाली गेला, मग उजवाही.

“बघा, पुन्हा!” डॉक्टरीण बॅटरी घेऊन धावली. “आता दोन्ही बाजू!”

मी उठून तिचा हात धरला. “राहू द्या हो,” मी म्हटलं. “रडताहेत ते.”