परक्या कोंडाळ्यात

“बाबा, कुंपणाला लागेल.”

“लागत नाही. छप्पन्न वर्षं इथेच लावतोय.”

गाडीचं नाक मैदानाच्या लोखंडी कुंपणावर टक्कन आपटलं. बाबांनी इंजिन बंद केलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि समोर बघत म्हणाले, “कुंपण पुढे सरकवलेलं दिसतंय.”

ती किल्ली मागून घ्यायलाच मी मेलबर्नहून आले होते. त्याच्या दोन आठवडे आधी दुकानातून घरी येताना ते नऊ किलोमीटरचा रस्ता चुकले आणि अंधार पडेपर्यंत गव्हाच्या शेतांमधून गाडी फिरवत राहिले. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, गाडी बंद. बाबांना सांगायचं काम माझ्यावर सोडलं होतं. आई गेल्यापासून ते शेतावरच्या घरात एकटेच होते. गाडी गेली की शनिवारचा सामना गेला, आणि बाकीच्या सहा दिवसांत त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतंच. सकाळपासून मी तीनदा विषय काढायला गेले होते आणि तिन्ही वेळा हवेबद्दल बोलले होते.

सामना गाडीत बसूनच बघायची इथली रीत; शेजारच्या गाडीची काच खाली गेली. “काय गं जनीन, शहरात खायला देत नाहीत वाटतं?”

हे अर्नकाका. टॉरबेक या शेजारच्या गावाकडून आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचे, चेंडू हातातही धरतात तो. आमचं मिंडारा आणि टॉरबेक म्हणजे जन्माचे वैरी.

“बापाचं नाक बघ तुझ्या,” काका म्हणाले. “मी मोडलं, अडुसष्ट साली. आधीपेक्षा बरंच दिसतं.”

“चेंडू तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता,” बाबा म्हणाले.

“हो, पण नाक इथे होतं ना.”

दोघं हसले. डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, खेळताना डोक्याला किती वेळा मार बसला? बाबा म्हणाले होते, “मोजायची शुद्ध असती तर खाली पडलोच नसतो.”

बाबांची कारकीर्द सांगायला फार वेळ लागत नाही. एकोणिसाव्या वर्षी मेलबर्नच्या मोठ्या संघाने त्यांना बोलावलं. त्या काळी अठरा जण मैदानात उतरत आणि राखीव खेळाडू जर्सीवर लोकरी झगा घालून बाकावर बसे. कोणी जायबंदी होऊन बाहेर आला, तरच त्याला आत जायला मिळे. बाबा सात सामने तो झगा घालून बसले. आठव्यात शेवटची अकरा मिनिटं आत गेले. चेंडू एकदा हाती आला, तो त्यांनी सोबत्याकडे दिला. पुढच्या आठवड्यात ते आगगाडीने मिंडाऱ्याला परत आले, धान्याच्या कोठारावर कामाला लागले आणि गावासाठी दोनशे त्र्याहत्तर सामने खेळले. मेलबर्नबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, की झगा उबदार होता.

मिंडाऱ्याची जर्सी काळी, तिच्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा पिवळा पट्टा. आईने ती इतक्या वेळा धुतली, की धुण्याच्या दोरीवर दुरूनही मी बाबांची जर्सी ओळखायची. आठ वर्षांपूर्वी दोन्ही गावांना आपापली अठरा पोरं जमेनात. क्लब एक झाले, निळा-पांढरा रंग घेतला आणि अर्नकाका आमच्या शेजारी गाडी लावू लागले.

त्या शनिवारी पाहुणे उत्तरेकडचे होते. त्यांची जर्सी काळी होती आणि तिच्यावर तिरपा पिवळा पट्टा होता. मी ती पाहिली, पण माझ्या मनात काही आलं नाही.

चारपैकी तिसरा भाग संपल्याचा भोंगा झाला. या सुट्टीत आमच्याकडे सगळं गावच कुंपण ओलांडून आत जातं. दोन्ही संघ आपापलं कोंडाळं करतात, मधे कोच उभा राहून शेवटच्या भागासाठी पोरांना पेटवतो, आणि लोक मागे उभे राहून ऐकतात. बाबाही गेले. मी थर्मासचं झाकण लावत होते.

“जनीन,” अर्नकाका हळूच म्हणाले, “तुझा बाप त्यांच्यात काय करतोय?”

बाबा पाहुण्यांच्या कोंडाळ्यात होते. मागे बघ्यांत नाही, आत, खेळाडूंच्या रांगेत. डोक्याला पट्टी बांधलेल्या एका उंच मुलाने जरा सरकून त्यांना जागा दिली आणि शेजारच्यांच्या खांद्यांवर असतो तसा आपला हात त्यांच्याही खांद्यावर टाकला. बाबांनी मान खाली घातली होती. ते लक्ष देऊन ऐकत होते.

मी दार उघडलं.

“धावू नको,” काका म्हणाले. “तू धावलीस तर सगळ्यांना कळेल.”

कुंपणाशी दोन बायका थांबून बघत होत्या. काकांनी खिडकीतून बाबांचं नाव घेऊन आवाज चढवला. “केलला हेरगिरीला पाठवलाय. त्यांचे डावपेच ऐकून येईल, बघा.”

बायका हसल्या. पण काका हसत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मग कोंडाळं सुटलं. मुलं ओरडत आपापल्या जागी पळाली, लोक कुंपणाकडे परतले आणि त्या प्रचंड हिरवळीवर बाबा एकटे उरले. ते एकदा या टोकाच्या गोलच्या खांबांकडे आणि एकदा त्या टोकाच्या खांबांकडे बघत होते. पंच चेंडू काखेत धरून त्यांच्या जाण्याची वाट बघत उभा होता.

मी चालत गेले. एवढं लांब मी आयुष्यात कधी चालले नसेन.

“हे आपले नाहीत ना?” बाबांनी विचारलं.

“नाहीत, बाबा.”

“आपले कुठे गेले?”

“ते निळे-पांढरे. टॉरबेकबरोबर एक झालो आपण. आठ वर्षं झाली.”

“अर्नबरोबर?” त्यांनी तोंड वाकडं केलं. “कोणी विचारलं नाही मला.”

“तुम्हीच तर बाजूने मत दिलं होतं.”

ते माझ्याबरोबर कुंपणाकडे चालू लागले. मग म्हणाले, “त्यांचा कोच बरा बोलला. पाय जड झालेत, तर लांब मारत बसू नका म्हणाला, जवळच्याला द्या. मीही हेच सांगितलं असतं.” हद्दीच्या पांढऱ्या रेघेवर ते थांबले. “त्या दिवशी दुकानातून येताना पण असंच झालं होतं, पोरी. सगळं ओळखीचं दिसत होतं.”

“माहीत आहे मला.”

“डॉक्टर काही म्हणाला?”

“म्हणाले.”

“केव्हा सांगणार होतीस?”

“सकाळपासून सांगतेच आहे.”

त्यांनी मान डोलावली. मागे भोंगा झाला, खेळ सुरू झाला, पण त्यांनी वळून बघितलं नाही. गाडीपाशी आल्यावर किल्ली काढून टपावर ठेवली. हातात दिली नाही. मग पुढून वळसा घालून ते डावीकडच्या दाराशी गेले आणि आत बसले.

त्यांना जाऊन आता पाच महिने झाले. लोक दोनशे त्र्याहत्तर सामन्यांबद्दल बोलतात, मी ऐकते. मला मात्र त्या शनिवारी गाडीत बसल्यानंतरचं एक मिनिट दिसत राहतं. मी चालकाच्या जागी बसले होते. बाबांनी सवयीने उजव्या खांद्यावरून हात मागे नेला. बेल्ट नव्हता. हात तसाच रिकामा परत आला. पुन्हा नेला, पुन्हा रिकामा. मी मदत केली नाही. समोर मैदानाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या हाताने डाव्या खांद्यामागे चाचपलं, बेल्ट सापडला, तो त्यांनी ओढून घेतला आणि म्हणाले, “चल.”