उत्तरेकडच्या पायांची मोजणी

थकलेल्या हृदयाचा माणूस ओळखायला डॉक्टर लागत नाही, दुसरा तसलाच माणूस लागतो. हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत. त्र्याऐंशी साली माझंच हृदय असं फितूर झालं होतं.

मी केरू, पाटणचा. सौदी अरेबियात हाइलला एका कंत्राटदाराकडे सहा वर्षं ड्रायव्हर होतो. पाच महिन्यांपासून पाय सुजत होते, तर मी बूट एक नंबर मोठे घेतले. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून गाडीच्या सीटवर बसूनच झोपायचो आणि कॅम्पात सांगायचो, गाडीची राखण करतो. कुणाला कळलं असतं तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, खलास आणि तिकीट हातात! घरी धाकटी मंजिरी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिचं शिक्षण होईतो काहीही करून इथे टिकायचं, एवढं एकच ठरवलं होतं.

आणि देवाची करणी बघा, कंत्राटदारानं मला गाडीसकट कुठल्या कामावर धाडलं? हृदयरोग्यांची शिरगणती!

डॉक्टर हरिहर नाशिकचे. बडबडे, चांगले, पण अरबी 'शुक्रान'च्या पुढे सरकत नव्हतं. हाइलच्याही वर, पार उत्तरेच्या वस्त्यांमध्ये जाऊन किती पुरुषांची हृदयं थकलीत ते मोजायचं होतं. आकडा मोठा निघाला तर तिथे कायमचा डॉक्टर मिळणार होता. नाही निघाला तर आहे तेच, दिवसभर धूळ खात हाइल गाठायचं. गाडी मी चालवायची आणि डॉक्टरांची जीभही मीच व्हायचं.

कागदाचा नियम असा, की आधी विचारायचं, "दम लागतो का?" हो म्हणेल त्यालाच पुढे तपासायचं. आता मला सांगा, वाळवंटात उंट राखणारा कुठला बदू हो म्हणेल?

"अल्हम्दुलिल्लाह, नाही."

तीन वस्त्या झाल्या, साठ-सत्तर म्हातारे झाले, आकडा शून्य. डॉक्टर खूश. "काय हवा आहे, केरूभाऊ! खजूर, ताक आणि मोकळं रान. इथे हृदयाला आजारच नाही."

हवा कसली डोंबलाची! मी बघत होतो ना. चौथ्या वस्तीत अबू मुतलक नावाचा म्हातारा आम्हाला कॉफी द्यायला उठला आणि चार पावलांवर थांबून शेळ्या बघत राहिला. शेळ्या सगळ्या बसलेल्या, बघण्यासारखं काही नाही. मी असा थांबतो तेव्हा बॉनेट उघडून बघतो, एवढाच फरक. त्याच्या बिछान्याच्या उशाला उंटाचं खोगीर टेकवलेलं होतं. आणि तो लेकाचा माझ्या बुटांकडे बघत होता. चोराची पावलं चोराला ठाऊक!

डॉक्टर पेन आणायला गाडीकडे गेले, तेव्हा मी हळूच विचारलं, "चाचा, दम लागत नाही असं खोटं का बोललात?"

"मुलानं रियाधला घर बांधलंय. सोफा आहे, एसी आहे. त्याला कळलं तर उंट विकून मला त्या खोलीत नेऊन बसवेल," तो म्हणाला. "आणि तू?"

"मला घरी पाठवतील."

म्हातारा खो खो हसला, आणि हसता हसता असा खोकला, की ओठ निळे पडले. मीच त्याच्या पाठीवर हात फिरवला.

डॉक्टर परत आले आणि कागदावर सही करायला बसले. शून्य. पुढच्या थंडीत हा म्हातारा हाइलच्या वाटेवर कुणाच्या तरी पिकअपमध्ये प्राण सोडणार, हे मला लख्ख दिसलं. आणि ते 'नाही' अरबीतून मराठीत मीच आणलेलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांवर नाही, त्याच्यावरही नाही. माझा मलाच राग आला.

"थांबा डॉक्टर. तुमचा प्रश्नच चुकलाय. दम लागतो का म्हटलं तर कुठलाही पुरुष नाहीच म्हणणार. झोपताना पाठीला काय लावता ते विचारा. पाय बघा."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

थापा तयार होत्या हो, एकाला दहा. चुलत्याला हाच आजार होता म्हणालो असतो, खपलं असतं. पण मी खाली बसलो आणि बूट काढला.

डॉक्टरांनी अंगठा दाबून उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तो काही भरून येईना.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

मग अबू मुतलकनं कप खाली ठेवला, झगा वर केला आणि आपला पाय माझ्या पायाशेजारी लांब केला. "यल्ला, बघ!" मग त्याचा भाऊ आला, मग एक बोळका शेजारी. दुपारपर्यंत त्या वस्तीतल्या एकतीस माणसांत नऊ निघाले. डॉक्टरांनी शून्याचा कागद फाडला. मागच्या तिन्ही वस्त्या पुन्हा करायच्या होत्या.

"दहा लिही," अबू मुतलक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "हा राहिला."

"तो इथला नाही, त्याला मोजणीत धरता येत नाही," डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्याचं मराठीत आणलं तसं हे अरबीत सांगायचं कामही माझंच. सांगितलं. म्हातारा डॉक्टरांना जे म्हणाला ते मात्र मी मराठीत आणलं नाही.

गाडीपाशी डॉक्टरांनी हात पुढे केला. "चावी द्या, केरूभाऊ. अशा छातीनं मी तुम्हाला गाडी चालवू देणार नाही. आणि हाइलला पोचलो की तुमच्या आजाराचाही कागद कंत्राटदाराला लिहावा लागेल."

"ठाऊक आहे."

चावी दिली. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये बोंबलत, गचके खात निघाली.

"क्लच, डॉक्टर, क्लच!" मी ओरडलो. ते हसले. आणि मला रडू कोसळलं.